वेंगुर्ला नुसता बीच नाहीये, दीडशे वर्षांची नगरपालिका आहे

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लाँग वीकेंडला पुण्याहून कुठं कुठं जाता येईल असं एक आख्खं पान होतं, त्यात वेंगुर्ल्याच्या वाट्याला चार ओळी आल्या. किनारा स्वच्छ आहे, गर्दी कमी आहे, मासे ताजे मिळतात, गोवा जवळ आहे. चारही गोष्टी बरोबर आहेत आणि छापल्या याचा आनंदच आहे, पण माझं आजोळ तिथलं, सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथल्या कॅम्प भागातल्या मैदानाच्या आसपास गेलेल्या, आणि आता एवढी वर्षं पुण्यात काढल्यावर असं दिसतंय की आपल्या पेपरांत कोकणातली गावं येतात ती दोनच वेळी, एकतर फिरायला कुठं जायचं म्हणून नाहीतर वादळ आलं की. मधल्या काळात तिथं माणसं राहतात, नगरपालिका चालते, नळाला पाणी सोडलं जातं, घरपट्टी भरली जाते, त्याची बातमीच होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. कापावं लागलं तर आजोळाचा भाग कापा, नगरपालिकेचा ठेवा एवढी विनंती.

आधी गावाचा आकार सांगते. 2011च्या जनगणनेत वेंगुर्ला शहराची लोकसंख्या साडेबारा हजाराच्या आतच होती, आपल्या महापालिकेच्या एका प्रभागात यापेक्षा कितीतरी जास्त लोक राहतात. 1965च्या नगरपरिषद कायद्यानुसार आज नवीन नगरपरिषद करायची तर निदान 25 हजार लोकसंख्या लागते, म्हणजे आज कुणी वेंगुर्ल्यासाठी मागणी केली असती तर ती मान्यच झाली नसती. आणि तरी तिथं 1875-76च्या सुमारापासून नगरपालिका आहे. पुण्याची नगरपालिका 1857च्या सुमाराची, म्हणजे दोघींमध्ये फार तर वीस वर्षांचा फरक, आणि पुणं तेव्हा केवढं होतं, पेशव्यांची राजधानी राहून गेलेलं शहर, छावणी, कॉलेजं. मग समुद्रकाठच्या या चिमुकल्या गावाला इतक्या लवकर नगरपालिका का मिळाली, हे विचारावंसं वाटायला पाहिजे. उत्तर बंदरात आहे.

1637-38 साली डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीचा. वेंगुर्लाच का तर गोव्यामुळं. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात, डचांचं त्यांच्याशी वैर, आणि डच आरमार पावसाळा संपला की येऊन गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून उभं राहायचं ते थेट पुढचा पावसाळा जवळ येईपर्यंत, म्हणजे वर्षातले आठेक महिने. एवढे महिने जहाजं समुद्रात उभी म्हणजे खलाशांना गोडं पाणी पाहिजे, तांदूळ पाहिजे, ते सगळं वेंगुर्ल्याहून जायचं. टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या 1648च्या सुमाराला इथून गेला, त्यानं गावाचं नाव मिंग्रेला असं लिहिलंय आणि किनाऱ्याला धरून लांबच लांब पसरलेलं मोठं गाव, जहाजं नांगरायला हिंदुस्थानातल्या उत्तम जागांपैकी एक, अशा अर्थाचं वर्णन केलंय. म्हणजे मुंबई अजून इंग्रजांच्या हातात आली नव्हती तेव्हा वेंगुर्ला युरोपातल्या नकाशांवर होतं.

आणि याचा पुण्याशीही संबंध आहे. वेंगुर्ल्याच्या वखारीतले डच अधिकारी आपल्या वरिष्ठांना नियमित पत्रं पाठवायचे, व्यापाराच्या हिशोबाबरोबर आजूबाजूच्या राजकारणाच्या बातम्या कळवायचे, आणि त्यात शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. शिवकाळाचा अभ्यास करणारे ही डच कागदपत्रं वापरतात. पुण्यात शिवकाळाबद्दल दर आठवड्याला कुठं ना कुठं व्याख्यान असतं आणि ते असावंच, पण ही पत्रं जिथून लिहिली गेली ती वखार आज कोणत्या अवस्थेत आहे हे पुण्यातल्या किती जणांना माहीत आहे?

वखारीचं वैभव फार टिकलं नाही. 1675 साली मोगलांनी गाव जाळलं. 1696 साली सावंतवाडीचे खेम सावंत डच वखारीच्या प्रमुखाला भेटायला म्हणून आले आणि वखार ताब्यात घेऊन लुटली, पुढे आंग्र्यांनीही गाव लुटलं. 1772 साली इंग्रजांनी इथं स्वतःची वखार काढली आणि 1812 साली सावंतवाडीच्या राणीकडून वेंगुर्ला इंग्रजांकडं गेलं. म्हणजे पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागायच्या पाच वर्षं आधीच. आजूबाजूला सगळं सावंतवाडी संस्थान आणि मधे हे एवढं बंदर मुंबई इलाख्यात, अशी ती व्यवस्था होती आणि त्यामुळंच पुढे नगरपालिका, दीपगृह, रस्ता ही सगळी कामं तिथं लवकर आली.

त्यातला रस्ता सगळ्यात महत्त्वाचा. बेळगावला इंग्रजांची मोठी छावणी होती आणि तिला सगळ्यात सोयीचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. घाटावरचा कापूस आणि बाकी माल गाड्यांनी खाली उतरायचा, मुंबईहून बोटीनं आलेला माल वर चढायचा. आधी रामघाट होता, मग आंबोलीच्या घाटातून चांगला गाडीरस्ता झाला. आज पुण्याहून निपाणी-आजऱ्यामार्गे आंबोली उतरून सावंतवाडीवरून जी मंडळी वेंगुर्ल्याला जातात, धबधब्यापाशी थांबून कणीस खातात, त्यांची गाडी त्या रस्त्याच्या वाटेनंच जात असते. वेंगुर्ल्यात गाडीअड्डा नावाचा भाग आहे, बैलगाड्यांच्या त्या काळातला. बाजारपेठेत क्रॉफर्ड मार्केट आहे, हो, मुंबईतल्यासारखंच नाव, आणि तेही इंग्रज काळातलंच. बंदराच्या टोकावरचं दीपगृह 1869चं आहे. हे सगळं एकमेकांच्या आगंमागं दहा-वीस वर्षांत झालं, आणि त्यातच नगरपालिका आली. बंदरामुळं गावात पैसा होता, बाहेरची माणसं यायची-जायची, गाड्या, गुरं, गोदामं, मग रस्ते झाडायला, दिवे लावायला, बाजार नीट ठेवायला कुणीतरी पाहिजे होतं.

आणि मग 1888च्या सुमाराला गोव्यातलं मुरगावचं बंदर रेल्वेनं घाटावर जोडलं गेलं. झालं. जो माल आठ-आठ दिवस बैलगाडीतून आंबोली घाट उतरायचा तो आगीनगाडीत बसून गोव्याला जायला लागला, वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरत गेला. कुठल्या लढाईनं किंवा दुष्काळानं नाही, दुसरीकडं रूळ पडले म्हणून एक बंदर मागं पडलं. पुढं मुंबईच्या बोटी होत्या म्हणून निदान माणसांची ये-जा राहिली. माझ्या आजीच्या पिढीतल्या सगळ्यांच्या तोंडी बोटीच्या गोष्टी, बोट लांब उभी राहायची, मग पडावातून किनाऱ्याला यायचं, लाटा असल्या की बायकामुलांचे हाल. त्या बोटी बंद पडल्या. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तर ती कुडाळ-सावंतवाडीवरून गेली, वेंगुर्ला परत बाजूला. आता चिपीचं विमानतळ वेंगुर्ला तालुक्यातच आहे, 2021च्या ऑक्टोबरात सुरू झालं, पण त्याचा गावाच्या रोजच्या जगण्याला कितपत उपयोग हा वेगळा विषय आहे आणि त्यात मी शिरत नाही.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट कुठली वाटते तर व्यापार गेला तरी गाव नगरपालिका म्हणून टिकलं. कितीतरी बंदरं अशी आहेत की जिथं गाळ साचला, व्यापार गेला आणि मागं नुसती वाडी उरली. वेंगुर्ल्यात तसं झालं नाही. शाळा होत्या, बाजार होता, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल होतं, आणि ते हॉस्पिटल एका काळी आख्ख्या पंचक्रोशीचा आधार होतं, बाहेरच्या गावांतून डोलीतून पेशंट आणायचे असं आजी सांगायची. त्या मिशनच्या डॉक्टरांच्या घरी 15 ऑगस्ट 1919ला वेंगुर्ल्यात जन्मलेले रॉबर्ट गोहीन पुढं अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, 1957 ते 1972, आणि नंतर 1977 ते 1980 या काळात भारतातले अमेरिकेचे राजदूत. कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्म वेंगुर्ल्याचाच. आणि तालुक्यातलं शिरोडा, तिथल्या मिठागरांवर 1930च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला होता, महाराष्ट्रातल्या मोठ्या सत्याग्रहांपैकी एक. आज शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्यांपैकी कुणाला ही मिठागरं दाखवली जातात का, तर नाही.

आंबा-काजूचं तर विचारूच नका. पुण्यात मार्केटयार्डात एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या बघून आपण देवगड की रत्नागिरी एवढंच विचारतो, पण वेंगुर्ल्याला प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, 1957 सालापासूनचं, नंतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडं आलेलं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात तिथं तयार झाली, मग रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून सिंधू, जिची कोय अगदी पातळ असते. आणि काजू! आज कोकणात जी कलमांची काजूची लागवड दिसते त्यात वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशी नावं सगळीकडं ऐकू येतात, शेतकरी नुसतं 'चार नंबर', 'सात नंबर' म्हणतात. वेंगुर्ल्याच्या काजूला जीआय मानांकनही आहे, म्हणजे गावाच्या नावाची कायदेशीर ओळख. एवढ्याशा गावाच्या नावानं काजूच्या जाती आहेत आणि त्या गोवा-कर्नाटकातही लावल्या जातात, हे तुमच्या पुरवणीतल्या चार ओळींत एका ओळीनं आलं असतं तरी चाललं असतं.

आता ज्या मुद्द्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं तो.

किनारा स्वच्छ आहे असं तुम्ही लिहिलंय. तो आपोआप स्वच्छ नाहीये. 2015च्या सुमारापासून वेंगुर्ला नगरपालिकेनं कचऱ्याचं जे काम केलं ते आपण पुणेकरांनी जाऊन बघण्यासारखं आहे. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे, त्यांनी पुढं कर्जत, माथेरान, कल्याण-डोंबिवलीतही याच विषयात काम केलं. पद्धत साधी होती पण चिकाटी लागते. कचरा घरातच वेगळा करायचा, ओला वेगळा, सुका वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, काच-धातू वेगळं, एकत्र केलेला कचरा उचलायचाच नाही, आणि डेपोवर आला की तिथं परत बारकाईनं वीसपेक्षा जास्त प्रकारांत वेगळा करायचा. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, त्यावर वीज, पालापाचोळ्याच्या कांड्या करून जळणाला, प्लॅस्टिक बारीक करून डांबरात मिसळून रस्त्याला. आणि कॅम्पातला जो कचरा डेपो होता, ज्याच्या बाजूनं आम्ही लहानपणी नाक दाबून पळायचो, त्याची बाग झाली. तिथं झाडं आहेत, शाळेच्या सहली येतात, दुसऱ्या नगरपालिकांचे लोक बघायला येतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं कचरा चांगला हाताळणाऱ्या देशातल्या शहरांमध्ये वेंगुर्ल्याचं नाव घेतलंय.

मला माहितीये लगेच कुणीतरी म्हणणार की बारा हजारांच्या गावात जमतं, पुण्यात कसं जमेल. मान्य आहे, आकड्याचा फरक आहेच. पण आपल्याकडं उरुळी देवाची-फुरसुंगीचं काय झालं ते बघा. शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्या गावांच्या माथी मारला, विहिरींचं पाणी खराब झालं, लोकांनी कितीदा गाड्या अडवल्या, प्रत्येक वेळी आश्वासनं, आणि शेवटी 2024 साली ती गावं महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. म्हणजे आपल्या शेजारीच आता एक नवी नगरपरिषद आहे जिच्या हद्दीत पुण्याचा जुना कचऱ्याचा डोंगर आहे. त्या नगरपरिषदेनं शिकायला कुणाकडं जायचं, एवढ्या मोठ्या पुण्याकडं की छोट्या वेंगुर्ल्याकडं? पुण्यातही चांगलं काम आहे, 'स्वच्छ' नावाच्या संस्थेच्या कचरावेचक भगिनी 2008 पासून दारोदार जाऊन कचरा वेगळा करतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, पण आपण सोसायटीवाले त्यांच्या हातात काय देतो ते रोज सकाळी दिसतं.

आणि हेच आपण पुणेकर सुट्टीत वेंगुर्ल्याला जातो. सगळे तसे नसतात पण बरेच असतात. गाडीतून वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, डायपर, जे काय असेल ते किनाऱ्यावर किंवा होमस्टेच्या मागं टाकायचं आणि 'काय क्लीन बीच आहे ना' म्हणून फोटो टाकायचा. तो कचरा कोण उचलतं तर त्याच नगरपालिकेचे कामगार, ज्यांची संख्या गावातल्या लोकसंख्येच्या हिशोबानं ठरलेली आहे. पर्यटकांची गणना जनगणनेत होत नाही. क वर्ग नगरपरिषद, घरपट्टी भरणारी घरं मोजकी, जकात गेली तेव्हापासून बहुतेक छोट्या नगरपालिका सरकारी अनुदानावर आल्यात, आणि मे महिन्यात, दिवाळीत, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावात जी जादा माणसं येतात त्यांचं पाणी, त्यांचं सांडपाणी, त्यांचा कचरा, त्यांचं पार्किंग हे सगळं त्याच पैशात बसवायचं. पैसा हॉटेलांना मिळतो, होमस्टेला मिळतो, ते चांगलंच आहे, मासेवाल्या बायकांना मिळतो त्याचा तर आनंद आहे, पण नगरपालिकेच्या तिजोरीत त्यातलं किती येतं हे कुणी बातमीदारानं जाऊन विचारलं पाहिजे.

पाण्याचंच घ्या. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं आणि तरी एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढाताण, हे घाटावरच्या माणसाला खरंच वाटत नाही. पण जांभ्या दगडाची जमीन, उतार समुद्राकडं, चार महिन्यांत पडलेलं पाणी झरझर समुद्राला जाऊन मिळतं, अडवलं तरच राहतं. वेंगुर्ल्याला निशाण तलावाचं पाणी येतं. मे अखेरीला तलाव तळाला चाललेला असतो आणि नेमकं तेव्हाच गावात पाहुणे सगळ्यात जास्त, प्रत्येक खोलीत शॉवर चालू. पुण्यात उन्हाळ्यात एक दिवस पाणी बंद म्हटलं तरी पहिल्या पानावर बातमी असते.

मच्छीमारांबद्दलही थोडं लिहायलाच पाहिजे कारण 'मासे ताजे मिळतात' हेही आपोआप होत नाही. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर अजून रापण लागते, वीस-तीस-चाळीस माणसं मिळून किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढतात, मग मासळीचे वाटे होतात. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या बोटीतून थव्याभोवती जाळं टाकून ते आवळणारे, आणि आता एलईडी दिवे लावून मासे पकडणारे, यांच्यातला झगडा सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षं चालू आहे, 2016 साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले तरी तो मिटलेला नाही. एका बोटीनं आख्खा थवा उचलला की रापणीला काय येणार. आपल्या ताटात सुरमई येते तेव्हा ती कुठल्या जाळ्यातली हे पुण्यात बसून कळत नाही, पण पेपरानं तरी सांगावं. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा होड्या फुटल्या, माड पडले, कित्येक वाड्यांत बरेच दिवस लाईट नव्हती, तेव्हा दोन दिवस मोठे फोटो आले आणि मग विषय संपला.

वखारीबद्दल परत येते. डच वखार अजून उभी आहे, म्हणजे भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही, झाडांची मुळं दगडात शिरलीत. पडझड दर पावसाळ्यात वाढत जाते. दुरुस्तीच्या बातम्या अधूनमधून सिंधुदुर्गातल्या पेपरांत येतात, पुण्यापर्यंत काही पोचत नाही. महाराष्ट्रात डचांच्या खुणा फार नाहीत, त्यात ही एवढी मोठी वास्तू, साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांची, आणि गडकिल्ल्यांवर दर रविवारी जाणारे पुण्यातले शेकडो तरुण हिच्या बाजूनं गाडी घेऊन किनाऱ्याकडं जातात कारण कुणी त्यांना सांगितलेलंच नाही. नगरपालिकेच्या कुवतीचं हे काम नाही, पुरातत्त्व खात्यानं आणि राज्य सरकारनंच करायला पाहिजे, आणि सरकार हलतं ते पेपरात आलं की.

समुद्रात आत काही मैलांवर वेंगुर्ल्याचे खडक आहेत, बर्न्ट आयलंड म्हणतात त्यांना, तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांच्या वसाहती आहेत. या पाकोळ्या स्वतःच्या लाळेपासून घरटी करतात आणि ती घरटी परदेशात सूपसाठी महागात विकली जातात म्हणून त्यांची चोरटी तस्करी व्हायची, मग वनखातं आणि पक्षी अभ्यासकांनी लक्ष घातलं. हा एवढा मोठा ठेवा गावाच्या समोर आहे. उद्या तिथं बोटीनं पर्यटन सुरू करा अशी मागणी झाली तर त्यावर कोण बोलणार? गावानं बोलायला पाहिजे, म्हणजे नगरपालिकेनं, म्हणजे निवडून आलेल्या लोकांनी.

आणि निवडून आलेले लोकच मधली कित्येक वर्षं नव्हते. आपल्याकडं पुण्यात मार्च 2022पासून प्रशासक होता, त्याबद्दल तुमच्या पेपरानं सातत्यानं लिहिलं, नगरसेवक नसल्यामुळं ड्रेनेजची तक्रार कुणाकडं करायची इथपासून. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांचीही तीच गत होती. छोट्या गावात नगरसेवक म्हणजे रोज बाजारात भेटणारा माणूस, तो नसला की थेट मुख्याधिकारी, आणि मुख्याधिकाऱ्याची बदली झाली की परत पहिल्यापासून. 2025च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या तेव्हा पुण्यातल्या पेपरांत कोकणच्या नगरपरिषदांसाठी कुठला पक्ष किती जागा एवढाच तक्ता आला. वेंगुर्ल्यात, मालवणात प्रश्न काय होते, पाणी होतं की कचरा होता की पार्किंग, ते कुठंच वाचायला मिळालं नाही. कोथरूडपासून हडपसरपर्यंत आख्ख्या पुण्यात मूळ कोकणातली असलेली हजारो कुटुंबं आहेत, तुमचा पेपर रोज घेतात, त्यांना हे वाचायचं असतं.

म्हणून मागणी एवढीच आहे की किनाऱ्यावरच्या या छोट्या नगरपरिषदांवर एक लेखमाला करा. वेंगुर्ला, मालवण, श्रीवर्धन, मुरूड, उरण, डहाणू, प्रत्येकीचा इतिहास वेगळा आहे, मुरूडला सिद्दीचं संस्थान, मालवणला समोर सिंधुदुर्ग, डहाणूला चिकूच्या बागा, आणि सगळ्यांचा आजचा प्रश्न बराचसा एकच, गाव लहान आणि पाहुणे जास्त. प्रत्येक गावाची माहिती देताना लोकसंख्या किती, पाणी कुठून येतं, कचरा कुठं जातो, नगरपालिकेचं उत्पन्न कशातून येतं, जुन्या वास्तू कोणत्या आणि त्या कुणाच्या ताब्यात आहेत हे द्या. हॉटेलांचे फोन नंबर वाचकाला मोबाईलवर मिळतात, हे मिळत नाही. आणि बातमीदार पाठवाल तेव्हा सुट्टीच्या दिवसांत पाठवू नका, ऑगस्टमध्ये पाठवा, समुद्र खवळलेला असतो, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, हॉटेलं रिकामी असतात, तेव्हा गावातल्या माणसांना बोलायला वेळ असतो. स्वारगेटहून वेंगुर्ल्याची एसटी मिळते, रात्री बसलं की सकाळी गावात. माझे मामा अजून तिथंच राहतात, बाजारपेठेतली आणि बंदरावरची बरीच जुनी माणसं त्यांच्या ओळखीची आहेत, त्यातल्या काहींनी बोटीचे दिवस स्वतः बघितलेले आहेत. बातमीदाराची गाठ घालून द्यायची जबाबदारी माझी, तुम्ही फक्त कळवा.

आपली,
एक वाचक
सहकारनगर, पुणे